मान वर काढणारं अक्षर

अश्दोद, १८ सप्टेंबर २०२२

हर्षला पोरी,

तू मला ओळखत नाहीस, पण तुझी आजी विमल मला पुरती ओळखते. कडावच्या शाळेत जिनं तिची पाटी फोडली ती दीना पत्र लिहितेय, एवढंच तिला सांग. मग ती बाकीचं सांगेल, आणि त्यातलं निम्मं खोटं असेल.

आम्ही कडावकर, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. गावात बाबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. १९६४ साली आम्ही इस्राएलला आलो, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. गाव सुटलं, आडनाव तेवढं राहिलं.

विमलची नात कर्जतला पुस्तकं लावते असं गावाकडून कळलं, म्हणून आता काम सांगते. बाबांची एक वही आहे. उजव्या पानावर हिब्रू प्रार्थना, समोरच्या डाव्या पानावर तिचा मराठी अर्थ, सगळं त्यांच्या हातचं. आमच्यात मलिदा करतात. गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडायची आणि एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं नाव घ्यायचं. त्या वेळच्या या प्रार्थना. मी सहा वर्षांची असताना आई गेली, तिच्या आठवणीनं बाबांनी ही वही लिहिली. शेवटच्या पानावर एकच ओळ आहे, आईचं नाव आणि तिच्या वडलांचं. ती आम्ही उभं राहून म्हणतो.

येत्या ५ फेब्रुवारीला माझ्याकडे मलिदा आहे, मला ऐंशी पुरी होतात म्हणून. त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात या वहीचं पुस्तक हवं. नातवंडांना मराठी वाचता येत नाही आणि आम्ही म्हातारे हिब्रू वाचताना अडखळतो. दोन्ही समोरासमोर असलं तरच सगळे मिळून म्हणतील. वहीची पानं आता उलटली की कोपरा हातात येतो. या वर्षी झालं नाही तर मग कधीच नाही.

इथल्या छापणाऱ्याकडे दिलं होतं. हिब्रू झकास लावलं आणि मराठीची माती केली. जोडाक्षरं फोडली, एकाची वेलांटी दुसऱ्याच्या डोक्यावर. बाबांनी बघितलं असतं तर त्याला घाण्याला जुंपला असता.

हे पत्र माझी नात शिरा फोटो काढून पाठवते. तिला मराठीचं अक्षर कळत नाही, त्यामुळे तिच्याविषयी मला हवं ते लिहिता येतं. तुझं उत्तर ती मोठ्या अक्षरांत छापून देईल. तुला हिब्रू लावता येतं का? खरं सांग.

आणि ओढ्याकडच्या माळावर आमचं कबरस्तान होतं. आई तिथे आहे. ते अजून आहे का गं?

दीना कडावकर

*

कडाव, २४ सप्टेंबर २०२२

दीनाआजी,

नमस्कार. आजीला पाटीचं सांगितलं तर म्हणते, "तिनं कुठली फोडायला! मीच तिच्या डोक्यात घातली, तवा फुटली. ल्ही तिला." लिहिलं.

तुमचं पत्र मी तिला चार वेळा वाचून दाखवलंय. चौथ्यांदा वाचताना ती रडली आणि मग म्हणाली डोळ्यात कचरा गेला.

हिब्रू लावता येतं का म्हणून विचारलंत. येतं. कर्जत बाजारात माझं डीटीपीचं दुकान आहे, बारा वर्षं झाली. लग्नपत्रिका, आरतीसंग्रह, दूध सोसायटीचे अहवाल, सगळं माझ्याकडे येतं. आजोबा, म्हणजे सदूआजोबा, इथल्याच छापखान्यात पस्तीस वर्षं शिशाचे खिळे जुळवत होते. त्यांच्या नातीच्या हातून जोडाक्षर फुटणार नाही. कर्जत-खालापूर दोन्ही तालुके फिरून या, माझ्यासारखं पान लावणारी दुसरी मिळाली तर मी दुकानाला कुलूप घालते. हे मी म्हणत नाही हो, गिऱ्हाईकं म्हणतात.

शिराला सांगा, हिब्रू मजकूर टाइप करून पाठव आणि वहीच्या पानांचे स्वच्छ फोटो. मराठी मी फोटोवरून उतरवून घेईन.

कबरस्तानाची जागा आहे, पण घाणेरीनं गच्च भरलीय, आत कुणी जात नाही. एकदा जाऊन बघते.

तुमची हर्षला

*

अश्दोद, २० नोव्हेंबर २०२२

हर्षला पोरी,

प्रूफ मिळालं. अगं काय मराठी लावलीयस! शिरानं पान पुढ्यात धरलं आणि मी नुसता हात फिरवत बसले. हिब्रू पण मी ओळन् ओळ वाचलं, एका ठिपक्याची चूक नाही. इथल्या त्या छापणाऱ्याला नेऊन दाखवलं आणि म्हटलं, बघ, आमच्या कडावची पोरगी! 

एकच कर. अक्षर मोठं हवं, चांगलं दीडपट. आम्ही सगळ्या म्हाताऱ्या आहोत. दुसरं प्रूफ पाठवू नकोस, उगाच वेळ जाईल. मोठं कर आणि छाप. साठ प्रती.

विमलला विचार, तिला अजून चिंचा चोरता येतात का.

दीनाआजी

*

कडाव, १५ डिसेंबर २०२२

दीनाआजी,

साठच्या साठ प्रती छापून आल्या! बाईंडरशी दोन दिवस भांडण चाललं होतं. तो म्हणे, "ताई, पुस्तक उलटं बांधायला सांगताय." म्हटलं, तुझं उलटं ते त्यांचं सुलटं, तू उजवीकडून शिव. पाठीमागून उघडणारं पुस्तक कर्जतमध्ये पहिल्यांदाच झालं असेल. दुकानाच्या काचेत एक प्रत लावून ठेवलीय, येणारा-जाणारा थांबून बघतो. आजोबा तर रोज नवा माणूस धरून आणतात दाखवायला.

दोन प्रती आज कुरिअरनं टाकल्या. त्या बघा, मग बाकीच्या पाठवते. आजी म्हणते चिंचा चोरते अजून, पण आता झाडच तिचं आहे.

तुमची हर्षला

*

अश्दोद, २७ डिसेंबर २०२२

हर्षला,

पुस्तक आलं. माझ्या बहिणी, भाचे, सगळे जमले होते. मी ऐटीत शिराच्या हातात दिलं आणि म्हटलं, वाच. तिनं पहिली ओळ वाचली आणि थांबली. म्हणाली, आजी, हे मधूनच सुरू होतंय. पहिला शब्द, ज्यानं देवाला हाक मारायची तो, दुसऱ्या ओळीत आहे. दुसरीतला तिसरीत. पानोपानी तेच. माझ्या बहिणीनं पुस्तक हळूच मिटून ठेवलं. ते फार वाईट.

तुला मी विचारलं होतं, येतं का? खरं सांग, असंही म्हटलं होतं. येतं म्हणालीस. माझ्या बाबांची प्रार्थना आहे ती, पोरी. दूध सोसायटीचा अहवाल नाही.

मलिद्याला चाळीस दिवस राहिले.

दीना

*

कडाव, २८ डिसेंबर २०२२

दीनाआजी,

मला हिब्रू लावता येत नव्हतं. एक अक्षरही ओळखता येत नव्हतं. खोटं बोलले. का, तर नाही म्हणायची मला सवयच नाही आणि तुम्ही अश्दोदहून मला शोधत आलात याची हवा डोक्यात गेली.

काय केलं तेही सांगते. शिराचा मजकूर माझ्याकडे उघडला की डावीकडून मांडला जायचा, सगळी ओळ उलटी. मी वहीचा फोटो शेजारी ठेवला आणि एकेक ओळ हातानं फिरवून घेतली, शेवटचं अक्षर पहिलं, पहिलं शेवटी, दिसायला हुबेहूब होईपर्यंत. आमच्या धंद्यात जुने फॉन्ट नीट चालेनात की आम्ही असंच करायचो, वेलांटी हातानं सरकवायची, रफार उचलून बसवायचा. दिसलं बरोबर की झालं बरोबर. म्हणून पहिलं प्रूफ खरंच बरोबर होतं. पण अक्षर मोठं केल्यावर ओळीत मावेना तो शब्द खाली उतरला. मशीनला काय, ते डावीकडून भरतं, उजव्या टोकाचा शब्द खाली ढकलतं. आणि उजव्या टोकाला तर तुमचा पहिला शब्द! मला वाचता येत नाही, म्हणून मला पान सुंदरच दिसलं. काचेत लावलं होतं हो मी ते.

आज काढलं. आजोबांनी विचारलं का काढलं, त्यांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, जेवले मात्र नाहीत.

मला तीन आठवडे द्या. छपाईचं काही बोलू नका, ती माझ्याकडे. तुमचा विश्वास उडाला असेल तर तसं सांगा, मी मराठीची पानं तयार करून तिकडच्या छापणाऱ्याला फुकट पाठवीन. पण मला एकदा नीट करू द्या.

हर्षला

*

अश्दोद, ३० डिसेंबर २०२२

हर्षला बाळ,

शब्बाथ, आमचा कामबंदीचा शनिवार, लागायच्या आत लिहिते, नाहीतर उद्या दिवसभर हे पोटात राहील.

मीही खोटं बोलले. प्रूफ मी वाचलं नव्हतं. माझे दोन्ही डोळे अधू झालेत, मधोमध काळा डाग दिसतो. तुझं पत्र शिरा एका पानावर सहा-सात ओळी अशी छापते तेव्हा भिंगातून वाचते. प्रूफावर बोट ठेवलं आणि पाठ होतं ते म्हणत गेले. ऐकणाऱ्याला वाटलं मी वाचतेय. अक्षर मोठं हवं होतं ते म्हाताऱ्यांसाठी नाही, माझ्यासाठी. आणि दुसरं प्रूफ नको म्हटलं, कारण पुन्हा वाचायचं सोंग आणायला लागलं असतं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आज शिराला सांगितलं. खूप ओरडली.

तेव्हा आपण दोघी सारख्याच. कडावचं पाणी, दुसरं काय!

तूच कर. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही.

आता एक नीट ऐक. त्या चुकलेल्या प्रती रद्दीत घालू नकोस. त्यात देवाचं नाव आहे. आमच्यात असे कागद फाडत नाहीत, जाळत नाहीत, विकत नाहीत. माणसासारखे मातीत ठेवतात. चूक असली तरी नाव नावच.

आणि पुस्तकाच्या अगदी शेवटी लावायला शिरा एक ओळ पाठवेल. अर्थ विचारू नकोस. आहे तशी लाव.

दीनाआजी

*

कडाव, १९ जानेवारी २०२३

दीनाआजी,

आधी रद्दीचं. तुमचं पत्र आलं तेव्हा रद्दीवाल्याचा टेंपो दुकानासमोरच उभा होता. दोन गठ्ठे चढलेले होते. आमच्याकडे छापखान्याची रद्दी म्हणजे संध्याकाळी वड्याखालचा कागद. मी टेंपोत चढून गठ्ठे खाली ओढले, तो म्हणत होता ताईला काय झालं. अट्ठावन्न प्रती मोजून घेतल्या. खराब छपाईची सुटी पानं घरी नेली होती, त्यातली चार आजीनं डब्यांच्या फळीवर अंथरली होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "देवाचं नाव हाय? आनि त्याच्यावर मी हिंगाचा डबा ठेवला! उतरव गं सगळं आधी." पानं पुसून तिनं स्वतः बांधून ठेवली.

आता पुस्तक. माझ्याकडच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या परिच्छेदाची सोय आहे, आजी. शोधायला दहा मिनिटं लागली. तेव्हा शोधली नाही, कारण शोधायची म्हणजे आपल्याला येत नाही हे आधी स्वतःशी कबूल करायचं. परिच्छेदाला दिशा एकदा सांगितली की अक्षर कितीही वाढवा, पहिला शब्द उजवीकडेच राहतो. अक्षराखालचे स्वरांचे ठिपके मला कधीच अवघड गेले नाहीत, आपले उकार अक्षराच्या पायाशी असतात तसेच ते.

पण या वेळी नुसत्या दिसण्यावर गेले नाही. बावीस अक्षरांचा तक्ता भिंतीवर लावला आणि रोज फोनवर शिराकडून नावं शिकले. ती इंग्रजीत, मी माझ्या इंग्रजीत. एक अक्षर मला फार आवडलं. बाकीची सगळी एका उंचीत बसतात, हे एकटंच ओळीच्या वर मान काढतं आणि वरच्या ओळीच्या ठिपक्यांना धडकतं. लामेद. त्याच्यासाठी दोन ओळींतलं अंतर वाढवलं. म्हटलं, काढू दे बापड्याला मान.

तपासलं कोणी, विचाराल. सदूआजोबांनी! मी दोन दिवस चिंतेत होते, इथे हिब्रू कोण वाचणार? आजोबांनी चष्मा लावला, वहीचा फोटो एका हाताला, पान दुसऱ्या हाताला, आणि उजवीकडून एकेक अक्षर ताडून बघायला लागले. म्हटलं, आजोबा, तुम्हाला उलटं कसं जमतं? तर म्हणाले, "अगं, शिशाचं पान छापायच्या आधी उलटंच दिसायचं. पस्तीस वर्सं मी उजवीकडनंच वाचलंय. ह्ये तर सोपं हाय, अक्षर तरी सरळ हाय." बावन्न पानांत तीन ठिपके आणि एक गळलेलं अक्षर काढलं. शिरानं बघून सांगितलं, चारही बरोबर. तेव्हापासून त्यांची छाती जी फुगलीय ती अजून खाली आलेली नाही. बाजारात सांगतात, इस्राएलचं प्रूफ आमच्याकडे येतं.

या वेळी शिरानं पान न् पान मोठ्यानं वाचलं, मग छापलं. साठ प्रती आज विमानात बसल्या.

शेवटची ओळ लावली. अर्थ विचारू नको म्हणालात, विचारला नाही. पण आता मला अक्षरं येतात, आजी. त्या ओळीतली पहिली पाच अक्षरं मी मनात जुळवली आणि हात थांबला. त्यात लामेद आहे. माझ्या नावातलं लामेद. आणि पुढे कडाव. दुकानाची पाटी मी स्वतः रंगवली होती, तेव्हा काही असं झालं नव्हतं. घरी जाऊन आजोबांना दाखवलं. त्यांच्या पस्तीस वर्षांत त्यांचं नाव कुठल्या पुस्तकात छापलं गेलं नाही.

हर्षला

*

अश्दोद, ७ फेब्रुवारी २०२३

हर्षला बाळ,

परवा मलिदा झाला. सत्तावन्न माणसं होती. शिरानं पहिला शब्द म्हटला, तो पहिल्या ओळीत होता, आणि सगळे एकदम सुरू झाले. पोरं उजव्या पानावर, म्हाताऱ्या डाव्या पानावर. माझी धाकटी बहीण तीस वर्षांनी मराठी मोठ्यानं वाचत होती. मी पुस्तक हातात धरलं होतं. अक्षर एवढं मोठं आहे, की काळ्या डागाच्या कडेनं मला ते दिसलं. बाबांचं वाक्य मला दिसलं, हर्षला. आठवलं नाही, दिसलं.

शेवटच्या पानाशी सगळे उभे राहिले आणि आईचं नाव घेतलं. नंतर मी बसू दिलं नाही. म्हटलं, अजून एक ओळ आहे. मग सत्तावन्न माणसांनी तुझं नाव वाचलं आणि गावाचं. शिरा मला विचारते, "कडाव" कसं म्हणायचं, पुन्हा म्हण.

इथला छापणारा बोलावला होता. एक प्रत मागून घेऊन गेला.

सदूभाऊंना म्हणावं, पुढच्या खेपेला त्यांचंही नाव घालू. विमलचं घालणार नाही, तिला पाटीचं कबूल करू दे आधी.

दीनाआजी

*

कडाव, २० फेब्रुवारी २०२३

दीनाआजी,

त्या अट्ठावन्न प्रती आणि सगळी सुटी पानं काल मातीत ठेवली. कुठे ठेवायची यावर घरात बरीच चर्चा झाली. भाऊ धनेश म्हणाला, शेताच्या बांधावर. आजी म्हणाली, "शेतात का? त्यांचं मानूस जिथं हाय तिथं." मला एकदम लाज वाटली. सप्टेंबरात तुम्हाला लिहिलं होतं, जाऊन बघते. एकदाही गेले नव्हते. तुम्हीही पुन्हा विचारलं नाहीत.

सकाळी सगळे गेलो. धनेशनं कोयत्यानं घाणेरी काढली, दोन तास लागले. आत सात दगड निघाले, तीन आडवे पडलेले. मराठी अक्षरं होती ती पार झिजलीत, हात फिरवून एखादा काना लागतो इतकंच. आजोबा म्हणाले, आता कुणाचा कुठला कसं कळायचं? आजी म्हणाली, आवडीबाय ओढ्याच्या अंगाला होती एवढं ध्यानात हाय. तुमच्या आईला गाव आवडीबाय म्हणायचं ना? आजीला आठवतं, घाण्यावर गेलं की ती ओंजळभर तेल आजीच्या डोक्यावर थापायची.

ओढ्याच्या बाजूला दोन दगड होते. एक कोरा झालेला. दुसरा पालथा होता. धनेशनं आणि मी तो उलटला. मातीत तोंड होतं म्हणून तो वाचला होता, आजी. वर मराठीचा टवका उडालाय, पण खाली हिब्रू आहे. मी पदरानं माती पुसली. उजवीकडून बघितलं आणि पहिल्याच अक्षरानं ओळीच्या वर मान काढलेली.

लामेद. मग आलेफ. मग ‘हे’ नावाचं अक्षर. लेआ.

पुढची अक्षरं मी बोट ठेवून वाचली. मग फोनवर पुस्तकाचं शेवटचं, तुमच्या आईच्या नावाचं पान काढलं आणि आजोबांच्या हातात दिलं. ते दगडापाशी खाली बसले, चष्मा लावला, आणि प्रूफ तपासतात तसं एकेक अक्षर ताडून बघितलं. म्हणाले, "बरोबर हाय. एकबी चूक नाय." आमच्या घरात यापेक्षा मोठं कुणी काही बोलत नाही.

पुस्तकं नव्या पांढऱ्या कापडात बांधून त्यांच्याच उशाशी खड्डा घेऊन ठेवली. दगड धनेशनं उभा केला, पायाशी सिमेंट घातलं. आजी हळद-कुंकू घेऊन आली होती, पण म्हणाली यांच्यात चालतं का ठाऊक नाही, म्हणून परसातला झेंडू ठेवला. चुकलं असेल तर सांगा, काढते. फोटो सोबत आहे.

मी खोटं बोलले नसते तर पुस्तकं चुकली नसती, आणि मला तो दगड वाचता आला नसता. हे मी स्वतःची बाजू घेऊन म्हणत नाही. नुसतं सांगते.

तुमची हर्षला

*

अश्दोद, २२ फेब्रुवारी २०२३

माझ्या हर्षला,

तुझं पत्र नेहमी शिरा नुसतं छापून देते आणि निघून जाते, कारण तिला त्यातलं काही वाचता येत नाही. काल फोटो उघडला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. म्हणाली, आजी, हे मला येतं. आणि तिनं मोठ्यानं वाचलं. माझी आई मेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. आम्ही गाव सोडल्यापासून तिच्यापाशी जाऊन तिला नावानं हाक कुणी मारली नव्हती. ती तू मारलीस, तिच्याच प्रार्थनेच्या भाषेतून.

मी पुन्हा विचारलं नाही, कारण नाही असं उत्तर येईल याची भीती होती.

आमच्यात कबरीवर फूल ठेवत नाहीत, खडा ठेवतात. भेटून गेलो, ही खूण. पण विमलचं फूल काढू नकोस, वाळेपर्यंत राहू दे. ओढ्यातला एक गोल खडा शोध, आणि तो माझ्या नावानं तू ठेव.

पाटी तिनंच माझ्या डोक्यात घातली होती. तिला सांग, दीनानं कबूल केलं.

दीनाआजी